आपा, नंबर माझाच होता

१६ नोव्हेंबर, रविवार. दुपारचे अडीच. रायफलीच्या नळीत तेल सोडून ठेवलंय. ते मुरायला अर्धा तास लागतो, मग फडकं फिरवून रायफल कपाटात जाईल. तोवर हात रिकामे आहेत, म्हणून लिहायला बसले.

रझियाआपा, तुम्हाला जाऊन आज चौथा दिवस. माझी नेमबाजीची मॅच आजच होती, आणि ती झाली. निकाल शेवटी सांगते. डोळे तपासताना भिंतीवरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचून होईतो तुम्ही कुणालाही नंबर सांगत नव्हता. आज तुम्ही थोडी कळ काढा.

तुमच्याबद्दल लोक काय बोलताहेत ते काल तुमच्या घरी ऐकलं. किती गरिबांना चष्मे दिलेत, नवऱ्यामागं औरंगपुऱ्यातलं चष्म्याचं दुकान कसं एकटीनं चालवलंत. ते सगळं खरं आहे आणि सांगायला पुष्कळ माणसं आहेत. माझ्याकडं आहे ती एका दुर्बिणीची गोष्ट. दुर्बीण हा शब्दही तुमचाच. आम्ही रेंजवरचे लोक स्कोप म्हणतो. जिनं आयुष्यात कधी रायफल हातात धरली नाही त्या बाईनं माझा पहिला स्कोप निवडला, हे आमच्या रायफल क्लबात अजून कुणाला पटत नाही.

तुमच्याकडं मी पहिल्यांदा आले ती दोन वर्षांपूर्वी, तक्रार घेऊन. कॉलेजात एनसीसीत असताना हातात आलेली रायफल माझ्या हातून सुटली नव्हती. लग्न, नोकरी, मुलं, सगळं झालं. चाळिशीनंतर परवाना काढून स्वतःची पॉइंट टू-टू रायफल घेतली आणि दर रविवारी पन्नास मीटरवर मारत होते. मग हळूहळू गोळ्या पसरायला लागल्या. तुम्ही विचारलंत, धूसर काय दिसतं, लांबचं की जवळचं. मी म्हटलं, मधलं.

तुम्ही पेन खाली ठेवलंत. मधलं धूसर दिसतं म्हणणारं गिऱ्हाईक तुम्हाला बहुतेक पहिल्यांदाच भेटलं असावं. मी समजावून सांगितलं. रायफलीवर मागं डोळ्याजवळ एक भोक असतं, नळीच्या टोकाला एक बारीक माशी असते, आणि निशाणा पन्नास मीटरवर. तिन्ही एका रेषेत आणायचे. निशाणा थोडा पुसट चालतो, माशी मात्र धारदार दिसली पाहिजे. तीच माझी गेली होती.

"एक डोळा, आणि तीन ठिकाणी बघायचं?" तुम्ही म्हणालात. "अल्लामियाँनं डोळा एका वेळी एकाच कामाला दिलाय, शैला. तिन्ही एका जागी आणून ठेवणारी काच मिळत नाही का तुमच्यात?"

मी सांगितलं, मिळते, तिला स्कोप म्हणतात. पण तो लावून खेळायचं तर आमच्या क्लबात दोनशे मीटरच्या गटात जावं लागतं, ते लांब मारणाऱ्यांचं काम.

"मग लांब मार की. अडवलंय कुणी?"

हे इतकं सरळ होतं की मला राग आला. कारण त्या दिवशी मी चष्म्यासाठी नाही, खात्री करून घ्यायला आले होते. डोळे गेले असं तुम्ही एकदा म्हणालात की रायफल विकून टाकायची असं मनात ठरलेलं होतं. परवान्याची मुदत या डिसेंबरअखेर संपते. मी तुम्हाला तेव्हाच सांगून टाकलं: त्याआधीच्या नोव्हेंबरातल्या क्लबच्या मॅचमध्ये दोनशे मीटरवर धड मारता आलं तर नूतनीकरण करीन, नाही तर रायफल विकीन आणि विषय संपवीन. हे घरी कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्ही मान डोलावलीत आणि पुढच्या गिऱ्हाइकाला आत बोलावलंत.

स्कोप निवडायला आपल्याला पुढचं दीड वर्ष लागलं. माझी यादी कारखान्याच्या पद्धतीची होती. वाळूजला गाड्यांच्या सुट्या भागांची तपासणी करण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. मला प्रत्येक गोष्टीचं माप लागतं. पॉइंट टू-टूची गोळी इवलीशी, दोनशे मीटरवर पोचेतो ती जवळजवळ दीड मीटर खाली आलेली असते. म्हणजे स्कोपच्या डोक्यावरचा नॉब फिरवून नेम तेवढा वर घ्यायचा. नॉबच्या एका टकटकीला, म्हणजे क्लिकला, दोन सेंटिमीटर, तर बाहत्तर क्लिक. तेवढे क्लिक त्या नॉबमध्ये आहेत का? वर नेला, उजवीकडं नेला, खाली आणला, डावीकडं आणला, तर बरोबर निघाल्या जागी परत येतो का? अशी माझी पानभर यादी. तुमच्या यादीत दोनच गोष्टी. काच कशी आहे, आणि डोळा कुठं ठेवायचा.

पुण्याच्या दुकानदाराला तुमच्याच फोनवरून विचारलं होतं, आठवतं? फोन स्पीकरवर. त्यानं विचारलं, ताई, नंबर किती पाहिजे? मी तोंड उघडायच्या आत तुम्ही सांगून मोकळ्या.

"उजवा. प्लस सव्वादोन."

मग तो बिचारा म्हणाला, "दोनचा आहे मॅडम, पण तो पिस्तुलाला लावतात."

हसून हसून तुम्हाला पाणी प्यावं लागलं. मग मी तुम्हाला आमचा नंबर समजावला. वस्तू जितकी पट मोठी दिसते तो नंबर. चार ते सोळा, सहा ते चोवीस, असे येतात. आमच्या क्लबचे सेक्रेटरी जाधवसाहेब चोवीसचा वापरतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यातून बघायला लावतात, हेही सांगितलं.

"माझ्याकडं मोठा नंबर निघाला तर माणूस बायकोलासुद्धा सांगत नाही," तुम्ही म्हणालात. "आणि तुमच्यात मिरवतात व्हय?"

त्या दिवसापासून आपला वाद सुरू झाला. मला चोवीस पाहिजे होता. तुम्ही म्हणायच्या सोळाच्या वर जाऊ नको.

दुकानदारानं तीन नग बघायला पाठवले. तुम्ही ते दिवेलागणीला दुकानाच्या पायरीवर घेऊन बसलात. रस्त्यापलीकडं औषधाचं दुकान, त्याच्या पाटीच्या खालच्या कोपऱ्यात परवान्याचा आकडा, मुंगीएवढ्या अक्षरात. तो प्रत्येकातून वाचायचा. औरंगपुऱ्यात त्या वेळी किती गर्दी असते ते काय सांगायचं. आपण दोघी पायरीवर काळी नळी डोळ्याला लावून बसलेल्या. एका स्कूटरवाल्यानं आपल्याला बघून गाडी थांबवली, हुकाला लटकवलेलं हेल्मेट काढून डोक्यात घातलं आणि सभ्यपणे पुढं गेला. तुम्ही नळी खाली न घेता म्हणालात, चला, एकाचा तरी जीव वाचला.

चोवीसमधून आकडा मोठा दिसत होता, पण राखेसारखा, आणि कडेला जांभळी किनार. चार ते सोळामधून लहान दिसत होता, पण त्यातला तीन तीन होता आणि आठ आठ होता. "मोठं दिसणं वेगळं, साफ दिसणं वेगळं," तुम्ही म्हणालात. मी कबूल केलं नाही. तुम्ही मग त्या सोळाच्या मागच्या काचेसमोर हाताची चार बोटं आडवी धरलीत आणि त्याच्या अलीकडं माझा डोळा आणलात. तिथूनही चित्र पूर्ण दिसत होतं. बाकी दोन्हींत डोळा काचेला जवळजवळ चिकटवावा लागत होता. "एवढी जागा पाहिजे," तुम्ही म्हणालात.

मी म्हटलं, कशाला? चष्मा काढूनच मारणार मी. जाधवसाहेब सांगतात, स्कोपला चष्मा लागत नाही, मागची काच फिरवली की आपला नंबर जुळतो. पॉइंट टू-टूला धक्काही नसतो की डोळ्याला लागेल.

"असू दे. चार बोटं जागा असू दे."

शेवटी मी तोच घेतला, पण तुमच्यासाठी नाही. त्याच्या नॉबमध्ये क्लिक सगळ्यांत जास्त होते म्हणून घेतला, आणि हे तुम्हाला चार वेळा ऐकवलं. तुम्ही म्हणालात, घेतलास ना, कारण तुझं तू ठेव.

स्कोप जूनमध्ये रायफलीवर चढला. पाऊस सरल्यावर, सप्टेंबरात, पहिल्यांदा दोनशे मीटरवर आडवी झाले. आतली फुली बघितली आणि डोकं फिरलं. उभी रेघ केसासारखी बारीक, आडवी सुतळीसारखी जाड. मागची काच फिरवून बघितली. आडवी बारीक झाली की उभी जाड व्हायची. गोळ्यांचंही तसंच. डावी-उजवीकडं ठीक, वर-खाली वीतभर पसरलेल्या. तीन रविवार हेच. चौथ्या रविवारी मी स्कोप उतरवला, खोक्यात घातला आणि कारखान्यात नापास मालाला बांधतो ती लाल चिठ्ठी त्याला बांधली. चिठ्ठीवर लिहिलं: नापास, आडवी रेघ जाड.

तुम्हाला फोन केला तो सल्ला विचारायला नाही, सांगायला. तुम्ही म्हणालात, परत पाठवण्याआधी मला दाखव. आणि मी म्हटलं, "आपा, तुमचं दुकान चष्म्याचं आहे. यात तुम्ही पडू नका. तुमचं ऐकलं म्हणूनच हे झालंय."

मग शांतपणे म्हणालात, "पाठव. पण जाता जाता दुकानावरून जा."

मी गेले, खोकं काउंटरवर ठेवलं. तुम्ही चिठ्ठी वाचलीत. स्कोप काढून दोन्ही हातांनी माझ्या डोळ्यासमोर धरलात आणि विचारलंत, कुठली रेघ जाड?

"आडवी."

तुम्ही तुमच्या हातातला स्कोप पाव फेरा फिरवलात. म्हणजे मघाची उभी रेघ आता आडवी झाली.

"आता कुठली?"

"आडवी," मी म्हटलं. म्हणून टाकलं आणि मग माझं मलाच कळलं.

दुर्बीण फिरली होती. जाडी जागेवरच होती. ती दुर्बिणीत असती तर तिच्याबरोबर फिरली असती.

आपा, कारखान्यात नव्यानं लागलेल्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी हेच शिकवते. माल नापास करायच्या आधी तुकडा फिरवून पुन्हा मोज. दोष तुकड्याबरोबर फिरला तर तुकड्याचा, नाही फिरला तर तुझ्या मापाचा. सव्वीस वर्षं शिकवते. आणि चांगल्या मालाला मी स्वतः लाल चिठ्ठी बांधून आणली होती, का, तर माझं मापच खोटं होतं. तुम्ही चिठ्ठीचा दोरा सोडलात आणि ती माझ्या कानाला अडकवलीत.

तशीच, कानाला चिठ्ठी ठेवून, मला तक्त्यासमोर बसवलंत. सिलिंडरचा नंबर निघाला. गॅसचा का, असं मी विचारलं, पण तुम्ही हसला नाहीत; काम करताना तुम्ही हसत नव्हता. डोळ्याचा गोलवा एका दिशेनं कमी-जास्त असतो, मग एका दिशेच्या रेघा साफ आणि दुसऱ्या दिशेच्या जाड दिसतात. मागची काच फिरवून साधा नंबर जुळतो, हा जुळत नाही. याला चष्माच लागतो, दुर्बिणीच्या मागंसुद्धा.

आणि चष्मा लावून स्कोपमधून बघायचं तर मध्ये जागा पाहिजे. चार बोटं.

मी विचारलं, तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं? तुम्ही म्हणालात, "तू पावतीवर सही करताना मान वाकडी करतेस. दोन वर्षं बघतेय."

"मग सांगायचं होतं."

"तीनदा सांगितलं, जुन्या चष्म्यावर राहू नको, डोळे पुन्हा तपासून घे म्हणून. वेळ नाही म्हणालीस. मग म्हटलं, हिला वेळ मिळेल तेव्हा दुर्बीण तरी चालली पाहिजे."

मी न मानलेल्या डोळ्यासाठी तुम्ही स्कोप निवडून ठेवला होता. मी तिथं थँक्यूसुद्धा म्हटलं नाही. जरा वेळानं म्हटलं, चष्मा किती दिवसांत मिळेल.

पण साधा चष्मा चालेना. रायफलीमागं पालथं पडलं की मान खाली, नजर वर. काचेच्या मधून नाही, वरच्या आतल्या कोपऱ्यातून बघावं लागतं, आणि तिथं चष्मा खोटं बोलतो. मी हे तुम्हाला दुकानात उभी राहून समजावत होते, तर तुम्ही सतरंजी आणायला लावलीत. ऑक्टोबरातली दुपार, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. म्हणालात, रायफल घेतेस तशी पड. रायफल कुठून आणणार. शटर ओढायचा लोखंडी आकडा दिलात. मी काउंटरसमोर पालथी, कोपरं टेकून, आकड्याला गाल लावून, रस्त्याकडं नेम धरून. आणि तुम्ही, गुडघे धड नसताना, माझ्यासमोर फरशीवर आडव्या झालात, गाल जमिनीला टेकवून, माझी बाहुली काचेत कुठं येते ते बघायला. हातात मार्कर.

नेमके तेव्हाच सोयगावचे एक बाबा बायकोचा चष्मा न्यायला आले. दारातच थांबले. बाईंना काय झालं, असं त्यांनी घाबरून विचारलं.

"काही नाही," तुम्ही फरशीवरून म्हणालात, "नंबर काढतेय."

बाबांनी विचार केला. "मंडळीला बी असंच झोपवलं व्हतं का?"

मला हसू आवरेना, आकडा हलायला लागला, आणि तुम्ही दरडावलंत की हलू नको, ठिपका चुकला तर बाहुली कपाळावर येईल. ठिपका दिलात. मग तुम्हाला उठवायला मी आणि बाबा दोघं लागलो. त्या ठिपक्यावर काचेचं केंद्र धरून तुम्ही नुसत्या नेमबाजीचा एक चष्मा बनवायला घेतलात.

याच मंगळवारी तो हातात दिलात. म्हणालात, रविवारी संध्याकाळी सांग.

गुरुवारी अकरा वाजता शबानाचा फोन आला. तुमची लेक रडत नव्हती, नुसतं म्हणाली, मावशी, अम्मी गेली. मी कामावर होते, समोर चोवीस तुकड्यांची बॅच होती. ती मोजून संपवली, नोंद केली आणि मगच निघाले. हे कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगते. त्या चोवीसपैकी एकाचंही माप मला आठवत नव्हतं. शुक्रवारी जाऊन सगळे पुन्हा मोजले. बरोबर होते.

काल तुमच्या घरी बायकांत बसले होते. शबानानं चहा दिला आणि उद्या आहे ना, असं विचारलं. मी म्हटलं, बघते, मन लागेल असं वाटत नाही. ती माझ्यापुढं बसली. "अम्मीनं तो चष्मा तीनदा घासला, मावशी. दोन काचा टाकून दिल्या, तुम्हाला सांगितलं नाही. मन कशाला लागतं? डोळा लागतो."

तुमचीच लेक. मी चहा संपवून घरी आले आणि गोळ्या मोजून ठेवल्या.

आता आजचं. दौलताबादच्या पुढं आमची रेंज, डोंगराला पाठ लावून. मी अकराच्या तुकडीत होते. नोव्हेंबर असला तरी ऊन चढलेलं, जमिनीवरून झळा निघत होत्या. शेजारच्या लेनमध्ये जाधवसाहेब. त्यांनी दहा मिनिटं मागची-पुढची काच फिरवली आणि म्हणाले, आज निशाणा पाण्यात बुडाल्यासारखा दिसतोय हो. चोवीस नंबर झळासुद्धा चोवीस पट दाखवतो. मी माझा सोळावरून दहावर उतरवला. चित्र लहान झालं आणि थांबलं. आपा, नंबरचा वाद तुम्ही जिंकलात. आज अकरा वाजून दहा मिनिटांनी जिंकलात, लिहून देते.

चष्मा लावला, बाहत्तर क्लिक वर घेतले, आत बघितलं. आडवी रेघ केसासारखी. उभीइतकीच बारीक. मी ती गरजेपेक्षा जास्त वेळ बघत बसले, आणि घड्याळ चालू होतं.

पहिल्या तीन गोळ्या वारा जोखण्यात गेल्या, पण आतच. डोंगरावरून डावीकडून येत होता, झेंडी बघून पाच क्लिकांएवढा नेम डावीकडं ठेवला. चौथी, पाचवी, सहावी एकमेकींना चिकटून. सातवीला वारा पडला आणि मी थांबले नाही. गोळी डावीकडं बाहेर गेली. ती चूक बोटाची आणि घाईची आहे, काचेची नाही. आठवीला मी झेंडी हलेपर्यंत थांबले. पुरं दीड मिनिट थांबले. उरलेल्या तिन्ही आत.

कागद आणला तेव्हा नऊ भोकं चहाच्या बशीत मावतील अशी, आणि दहावं बशीबाहेर. वर-खाली पसारा चार बोटांचासुद्धा नाही. शंभरपैकी एक्क्याण्णव. जाधवसाहेब अठ्ठ्याऐंशी. बाकीचे त्याखाली.

पहिली आले, आपा. एकावन्नाव्या वर्षी, दोनशे मीटरवर, ज्या गटात यायला मी भीत होते त्या गटात.

जाधवसाहेब खिलाडू माणूस. हात मिळवला आणि तुमचा स्कोप बघू म्हणाले. मी बाजूला झाले. त्यांनी बिनचष्म्याचा डोळा लावला, बराच वेळ बघितलं आणि माझी कीव केल्यासारखे म्हणाले, "मॅडम, याची आडवी रेघ जाड आहे. बदलून घ्या."

मी रायफलीवरून स्कोप सोडवला, त्यांच्या डोळ्यासमोर धरला आणि पाव फेरा फिरवला. कुठली जाड, विचारलं. ते म्हणाले, आडवीच. इंजिनिअर आहेत, लवकर कळलं. मी त्यांना औरंगपुऱ्यातली गल्ली सांगितली. आपा भेटतील का, असं त्यांनी विचारलं. दुकानात आता त्यांची लेक शबाना भेटेल, मी म्हटलं. चाचणी तीच आहे.

तुमचं-माझं एक भांडण अर्धवट राहिलंय. तुमचं म्हणणं, दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धर. एक मिटला की दुसऱ्यावर ताण येतो. मी अजून डावा मिटते. आज नऊ आत मारल्या त्या डावा मिटूनच. तेव्हा हा वाद अजून माझ्या बाजूनं आहे, आणि तुम्ही असतात तरी मी माघार घेतली नसती. तुम्ही म्हणाल्या असतात, सातवी बघ. मी म्हटलं असतं, ती वाऱ्यानं गेली. पुढचं सगळं मला पाठ आहे, पण दोन्ही बाजू एकटीनं बोलण्यात मजा नाही.

आणि एक. फोनवर मी जे बोलले, तुमचं ऐकलं म्हणून हे झालं, ते चुकीचं होतं. त्याबद्दल मी तुमच्याकडं काही बोलले नाही, तुम्हीही काढलं नाहीत. कान धरून माफी मागायची रीत मला जमत नाही. कारखान्यात चूक झाली की कारण शोधून, सही करून नोंद करतात, म्हणजे पुढच्याला कळतं. कारण: स्वतःचं माप न तपासता दुसऱ्याचा माल नापास केला. सही माझी.

तेल मुरलं. उठते.

सोमवार. सकाळी साडेदहाला परवाना शाखेत गेले. नूतनीकरणाचा अर्ज सप्टेंबरात छापून आणून घरी ठेवला होता, रात्री जेवणं झाल्यावर भरला. खिडकीतल्या कारकुनानं तो वाचला, माझ्या जन्मतारखेवर बोट ठेवलं आणि चांगुलपणानंच म्हणाला, "मॅडम, अजून किती वर्षं चालवणार?"

मी विचारलं, तुम्ही एका वेळी जास्तीत जास्त किती देता.

"पाच."

"सगळी द्या."